ठेंगू आणि लालओठी

"याची आई कोण?" सबनीसबाईंनी चिखलात गुडघे टेकून बसल्याबसल्याच विचारलं.

चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला आणि एक हात कोपरापर्यंत रोपात. बाई कोल्हापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. घटपर्णीचे संकर ओळखायचे हा त्यांचा नाद. कुणाकडे कुणालाच न ओळखता आलेलं रोप आहे असं कानावर आलं की भिंग, मोजपट्टी आणि कॅमेरा पिशवीत टाकून निघायच्या. आमच्या नर्सरीत त्या आल्या त्या अशाच एका रोपासाठी. आणि ते रोप बियापासून वाढवलं होतं मी.

"माझी ठेंगू," मी म्हटलं. "बी मीच काढलं, शिडीवर चढून."

हे मी जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण मागे नीरजा उभी होती.

नीरजा माझी धाकटी जाऊ. बेळगावची. उंच, गोरी, बोलायला गोड, आणि गळ्यात सदानकदा कॅमेरा. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी अण्णा, म्हणजे आमचे सासरे, केरळातून घटपर्णीची दोन रोपं घेऊन आले. तोपर्यंत दापोलीत आमच्याकडे हे झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. पानाच्या टोकाला एक दोरी फुटते आणि त्या दोरीला झाकणाचं मडकं लटकतं. मडक्याच्या काठावरचा मध चाटायला माशी येते, पाय घसरून आत पडते, आणि झाड तिला सावकाश पचवतं. अण्णांनी आम्हां दोघी सुनांना समोर बोलावलं आणि म्हणाले, "एकीला एक, दुसरीला एक. भांडू नका."

भांडण तिथंच लागलं, फक्त आवाज झाला नाही. माझ्या वाट्याला जे आलं त्याची मडकी बुटकी, पोट सुटलेली, हिरवी, जमिनीलगत गर्दी करून बसलेली. तिच्या झाडाची मडकी उंच, सडपातळ, आणि काठाला हे रुंद लालचुटुक ओठ. अण्णांच्या मनात काही नव्हतं, ते भोळा सांब. पण मी एकदा त्या झाडांकडे पाहिलं, एकदा आम्हां दोघींकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या झाडाला घरात सगळे ठेंगू म्हणायला लागले आणि तिच्या झाडाला लालओठी.

मी जळायचे तिच्यावर. आता या वयात ते लपवून काय करायचंय? पहाटे उठून शेडमध्ये पाणी मी घालायची, शेणखत मी कालवायची, गोगलगायी मी वेचायची. ही नऊ वाजता केस मोकळे सोडून येणार, चार फोटो काढणार आणि ते इंटरनेटवर टाकणार. मग पुण्याहून गाड्या यायच्या. माणसं उतरायची आणि पाण्याचा पाइप हातात घेतलेल्या मलाच विचारायची, "त्या फोटो काढणाऱ्या मॅडम कुठायत?" जेवताना आमचे हे म्हणायचे, "खताचं नीरजाला विचार, तिनं वाचलंय." मी त्यांच्या ताटात आमटी वाढत असायची. कधीकधी वाटायचं, ताटात न वाढता ओतावी.

आणि भांडावं तर ती भांडायची नाही. ते सगळ्यात वाईट.

तर या रोपाची गोष्ट अशी. एका वर्षी शेडच्या छतापर्यंत गेलेल्या वेलांना तुरे आले आणि पुढे बोंडं धरली. तेव्हा ठेंगूची आणि लालओठीची कुंडी शेजारीशेजारी होती आणि दोघींचे वेल एकाच तारेवर चढलेले. मी शिडीवर चढले, माझ्या वेलाची बोंडं काढली. आत बी कसलं, नुसती भुशासारखी बारीक कुसं. नारळाच्या भुशावर पेरली. शेवाळासारखं हिरवं काहीतरी उगवलं आणि त्यातलं बहुतेक मेलं. जे उरलं ते मी सहा पावसाळे पोरासारखं सांभाळलं. पुढे एका रोपानं जे मडकं काढलं, ते पाहून मी तिथंच मातीत बसकण मारली. पोट ठेंगूचं, गुबगुबीत, आणि त्यावर लालओठीचे लाल ओठ, त्यात काळपट रेघा. असं मडकं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फोटो अर्थात नीरजानं काढला. इंटरनेटवर घटपर्णीवाल्यांची जी काय मंडळी असतात त्यांच्यात टाकला, आणि तिथं जुंपली. कुणी म्हणे हा अमक्याचा संकर, कुणी म्हणे तमक्याचा, कुणी म्हणे फोटोत रंग भरलाय. फोटोखाली तिनं 'आमच्या वहिनींनी वाढवलेलं' असं लिहिलं होतं म्हणे. पण लोक फोटो पाहतात, खालचं कोण वाचतं? शाबासकी तिलाच मिळाली. तो फोटो पाहूनच सबनीसबाई कोल्हापूरहून आल्या.

आल्याआल्या बाईंनी मला पहिलं सुख दिलं. नीरजानं त्यांना मदत म्हणून मडक्यावर पाण्याचा फवारा मारला आणि मागे काळं कापड धरलं. ती नेहमी तसंच करते, मडकं चमकतं. बाई म्हणाल्या, "पुसा ते. नवरी सजवायला आलेय का मी? मला ओळख पटवायचीय. पाण्यानं रंग खोटा दिसतो."

नीरजानं गुपचूप कापसानं मडकं पुसलं. मी तोंड फिरवून हसले.

मग बाईंनी त्यांच्या पद्धतीनं फोटो काढले. मडक्याला मोजपट्टी लावून समोरून, बाजूनं, मागून. ओठ जवळून. झाकण उचलून त्याची खालची बाजू. पुढच्या दोन झालरी. दोरी मडक्याला कुठं चिकटते ती जागा. वाळलेलं एक मडकं उभं चिरून आतल्या भिंतीवरचे ठिपके भिंगातून पाहिले. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, लग्नाची बोलणी चालल्यासारखे.

"पोट आणि मागं वळलेलं झाकण ठेंगूचं," बाई म्हणाल्या. "ओठ लालओठीचे, यात शंका नाही. तुमच्याकडचीच दोघं आई-बाप आहेत. पण यातलं आई कोण आणि बाप कोण हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. ते बी काढणाऱ्यानंच सांगायचं. म्हणून विचारते."

"म्हणजे यात नर-मादी वेगळे?" अण्णांनी विचारलं.

"पपईसारखं. एका वेलावर एकच जात, जन्मभर. फुलात मध्ये काडी आणि तिच्या टोकाला पिवळी गोळी असली तर नर. हिरवं बोंड असलं तर मादी. नराला बी धरायचं नाही."

"माझीला धरलं होतं," मी म्हटलं. "या हातांनी काढलंय."

"मग तुमची ठेंगू आई. संकरांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या मंडळाची रीत अशी आहे हेमलताबाई, रोपाच्या पाटीवर आईचं नाव आधी लिहायचं, मग फुलीची खूण, मग बापाचं. नोंदीत आईच्या वेलाचा जो धनी त्याचं नाव पहिलं. आणि संकराला नाव ठेवायचा मानही त्याचाच."

तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. माहेरी बापाचं नाव मागे लागलं, सासरी नवऱ्याचं. नर्सरीच्या पाटीवर साळवी, बिलावर साळवी. इथं मात्र माझं नाव पहिलं लागणार होतं आणि नीरजाचं मागून. कितीतरी वर्षांचं पाणी घालणं फळाला आलं असं मला वाटलं. नावही माझ्या मनात केव्हाचं ठरलेलं होतं. माझंच. पण स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं कसं सांगायचं, ते काही सुचत नव्हतं.

"आईच्या फुलाचा एखादा फोटो हवा नोंदीला," बाई म्हणाल्या. "तुरे आले तेव्हा काढला असेल ना कुणी?"

सगळ्यांनी नीरजाकडे पाहिलं. ही बाई मांजर शिंकलं तरी फोटो काढते. दर वर्षीचे फोटो साल घालून कॉम्प्युटरात ठेवलेले.

"नाही," नीरजा म्हणाली. "तेव्हाचे नाहीत माझ्याकडे."

"एकही नाही?" मी विचारलं.

"नाही वहिनी. तेव्हा कॅमेरा बिघडला होता."

ती खोटं बोलत होती. कॅमेरा बिघडला असता तर घरात सुतक पाळलं असतं तिनं. मला स्वच्छ दिसलं की फोटो आहे आणि तिला तो द्यायचा नाही. माझं नाव पहिलं लागतंय हे तिला बघवत नाहीये. मला राग यायला हवा होता, पण झाला आनंद. इतकी वर्षं मी एकटीच जळत होते, आता तीही जळतेय. म्हटलं, बरं झालं, बस आता माझ्या पंगतीला.

"काही बिघडत नाही," बाई वर पाहत म्हणाल्या. "तुमच्या ठेंगूला पुन्हा तुरा आलाय की. कळ्या अजून मिटलेल्या आहेत. आज राहते मी. उद्या सकाळी उमलल्या की फोटो काढीन आणि निघेन."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मधे एका वादळात शेडची जाळी फाटली तेव्हा दोन्ही वेल सोडवून, छाटून, ठेंगूला वेगळ्या खांबावर घेतलं होतं. त्यानंतर तिला तुरा आला तो हा पहिलाच. पानांच्या आड होता म्हणून माझ्या लक्षात आला नव्हता. नीरजा त्या तुऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी बाई अण्णांबरोबर चहा घेत ओटीवर बसल्या होत्या. मी शिडी लावून वर गेले. माझ्या मुलीला पाहायला येणार म्हटल्यावर मी तिचं तोंड पुसलं असतं, तसं तुऱ्यावरचं कोळ्याचं जाळं काढावं एवढंच मनात होतं. तुऱ्याच्या खालच्या अंगाची दोन-चार फुलं तोवर उमलली होती. मी एक जवळ ओढून पाहिलं. मध्ये काडी, आणि काडीच्या टोकाला पिवळी गोळी. दुसरं पाहिलं. पिवळी गोळी. बोट लावलं तर बोट हळदीसारखं पिवळं झालं.

पपई मी लहानपणापासून ओळखते. नर झाड ठेवतात एखादं, बाकीची तोडून टाकतात.

शिडीवर उभ्याउभ्या मला ती गुंतलेली तार आठवली. दोन वेल एकमेकींच्या गळ्यात गळा घालून वर गेलेले, पानं एकात एक. जी बोंडं मी माझी म्हणून काढली ती लालओठीची होती. सहा पावसाळे मी जिचं बाळंतपण केलं ती नीरजाची लेक होती.

माझ्या खिशात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, होतं. ते नेहमीच असतं, नर्सरीतल्या बाईच्या खिशात दुसरं काय असणार? तुरा हाताशी होता. एकदा दाबलं की काम झालं असतं. बाई सकाळी निघून गेल्या असत्या आणि पाटीवर जे लिहायचं ठरलं होतं तेच लिहिलं गेलं असतं. मी सिकेटर बाहेर काढलं. मग परत खिशात ठेवलं. मी साधुसंत नाही. पण झाडाशी खोटं बोलायची मला सवय नव्हती.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मात्र मला दुसरंच सुचलं, आणि ते इतकं झकास होतं की झोपच उडाली. सकाळी मी सगळ्यांसमोर सांगणार होते. "मॅडम, माझा वेल नर आहे. आई नीरजाची. नाव तिचं लावा." अण्णा बघत राहिले असते. आमच्या ह्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला असता. आणि नीरजा, जिनं माझ्या नावाला नख लावायला फोटो दडवून ठेवला, ती मान खाली घालून उभी राहिली असती. तिच्याकडे सगळं होतं. एकदा तरी मी तिला काहीतरी देणार होते आणि तिला ते घ्यावं लागणार होतं. नाव गेलं तरी चालेल, हे सुख पुरलं असतं मला.

सकाळी चूळ भरून शेडमध्ये गेले तर बाई शिडीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अण्णाही होते. वर तुरा नव्हता.

"वानरं," नीरजा म्हणाली. ती पलीकडे पाण्याचा पाइप गुंडाळत होती. पाइप कधी हातात न धरणारी बाई. "पहाटे कौलांवर आवाज येत होता. मोडून नेला वाटतं."

"अरेरे," बाई म्हणाल्या. "चालायचंच. हेमलताबाईंनी स्वतः बी काढलंय म्हटल्यावर फोटोवाचून अडत नाही. मी लिहून टाकते."

मी शिडी चढले. तुरा मोडलेला नव्हता, कापलेला होता. तिरका, पानाच्या जरा वर, एका फटक्यात. आणि कापलेल्या टोकाला हळद लावलेली होती. आमच्या नर्सरीत छाटलेल्या फांदीला हळद एकटी नीरजाच लावते. मी कधी लावत नाही, मला ते नखरे वाटतात. आणि वानर तर नाहीच लावत.

मी खाली उतरले. नीरजाच्या दंडाला धरून तिला खताच्या खोलीमागे नेलं.

"तुरा का कापलास?"

तिनं हळदीनं पिवळं झालेलं बोट मुठीत लपवलं.

"फोटो आहेत ना तुझ्याकडे? तेव्हाचे?"

"आहेत," ती म्हणाली. "दोन्ही वेलांचे."

"म्हणजे तुला माहीत होतं? केव्हापासून?"

"तुम्ही बोंडं काढलीत त्या दिवसापासून. मी खालूनच बघत होते वहिनी. सांगणार होते. पण तुम्ही एवढ्या खुशीत उतरलात शिडीवरून, ओंजळ अशी धरून. मग राहिलं. आणि नंतर तुम्ही त्या रोपांसाठी रात्रीबेरात्री उठायला लागलात, तेव्हा सांगण्यात काय अर्थ होता?"

"अगं पण नाव तुझं लागलं असतं."

"माझं काय मेलं नाव. वाढवलंत तुम्ही. बी कुठल्या वेलाचं, यानं काय होतंय?"

तिला खरंच काही होत नव्हतं. तिचा चेहरा मी नीट बघितला, कुठं खोट सापडते का म्हणून. नव्हती. जे मिळावं म्हणून मी इतकी वर्षं आतल्या आत धुमसत होते, ते हिनं हातातला केर टाकावा तसं टाकून दिलं होतं. वर पुन्हा कुणाला कळू दिलं नव्हतं. मी देणार होते तिला, आणि ती मला केव्हाचीच देऊन बसली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसले असते तर पाटीवर माझं नाव आलं असतं, पण ते तिनं दिलेलं असतं. रोज ती पाटी बघायची आणि रोज तिचे उपकार आठवायचे, मरेपर्यंत. आणि ती उपकार केल्याचं दाखवणारसुद्धा नाही. छे, हे मला झेपणारं नव्हतं.

मी तरातरा शेडमध्ये आले.

"मॅडम, खोडा ते," मी म्हटलं. "माझा वेल नर आहे. काल संध्याकाळी मी पाहिला, पिवळ्या गोळ्या होत्या. तार एकच होती, वेल गुंतलेले होते, बोंडं लालओठीची होती. आई नीरजाची."

मागून नीरजा धावत आली. "वहिनी, कशाला?" एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

सबनीसबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हेमलताबाई, तीस वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या, "स्वतःचं नाव स्वतः खोडायला सांगणारं माणूस मी पहिल्यांदा बघतेय." अण्णांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. आमचे हे मागच्या दारात उभे होते, हातात कप. कप खरंच तसाच राहिला होता.

दापोलीत अजून ही गोष्ट सांगतात. साळव्यांची थोरली सून, केवढं मन बघा. नव्या सुना आल्या की अण्णा त्यांना ऐकवायचे, जाईपर्यंत ऐकवत होते. मी ऐकून घ्यायची. मन कसलं आलंय. मला तिच्या हातचं काही नको होतं, म्हणून खरं बोलले. एरवी बोलले असते की नाही, देव जाणे.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. बाईंनी नवी पाटी घेतली. आधी लालओठीचं नाव लिहिलं, मग फुली, मग माझ्या ठेंगूचं. पेन्सिल तशीच धरून नीरजाकडे वळल्या.

"आता मान तुमचा. संकराचं नाव काय ठेवू?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि ती काय म्हणणार ते मला तिनं तोंड उघडायच्या आधी कळलं. नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कारण तेच तर मला हवं होतं.

"हेमलता," नीरजा म्हणाली.

ती पाटी अजून आहे. अक्षरं पुसट झाली की नीरजाच ती गिरवते. पुण्याचे लोक येतात, रोप बघतात, पाटी वाचतात आणि विचारतात, "हेमलता कोण हो?"

"मी," मी सांगते. हातात पाइप असतोच.

लोक कौतुकानं बघतात. त्याच्या पुढचं, म्हणजे नाव कुणी ठेवलं ते, विचारायला लागले की मी पाणी जरा जोरात सोडते.